झोपलेल्या फुलांची गाडी

१

लिलावगृहातून फोन आला तेव्हा मी शेडमध्ये रिकाम्या पेट्या रचत होतो. पलीकडचा माणूस अगदी शांतपणे म्हणाला, "तुमची कार्नेशनची फुलं झोपली. सगळी."

कार्नेशन झोपतं म्हणजे काय, हे ज्याने ते पिकवलं त्यालाच कळतं. पाकळ्या आत वळतात, फूल मिटून घेतं आणि मग पाण्यात ठेवा नाहीतर पाया पडा, उघडत नाही. सगळी म्हणजे किती, असं मी त्याला खुळ्यासारखं पुन्हा पुन्हा विचारत राहिलो. तो म्हणाला, सगळी म्हणजे सगळी, मागच्या दाराने कचऱ्यात गेली, आणि गाडी रिकामी परत निघाली आहे.

मी आमच्या फूलउत्पादक गटाचा सचिव. ज्या दिवशी शिव्या कुणाला घालाव्या ते कळत नाही, त्या दिवशी ज्याला घालतात तो सचिव. त्यामुळे फोन ठेवल्याबरोबर पुढचा आठवडा कसा जाणार, ते मला दिसायला लागलं.

आमचं गाव डोंगरावर. खालच्या बाजारात एकच दलाल. तो आमची फुलं वैरणीच्या भावात घ्यायचा आणि वर उपकार केल्यासारखा चहा पाजायचा. मग सरकारची योजना आली. डोंगरावरच्या शेतकऱ्याने लांबच्या शहरात माल विकला, तर गाडीभाड्याचा मोठा वाटा सरकार भरणार. वहिनींनी, म्हणजे माझ्या थोरल्या भावाच्या बायकोने, कचेरीच्या पायऱ्या झिजवून ती योजना गावात आणली आणि त्याच गटाच्या अध्यक्ष झाल्या. अटी कडक होत्या. गाडी थंड यंत्राची, दाराला सरकारी सील, आत फुलांशिवाय काही नाही, पुढे ड्रायव्हरशिवाय कोणी नाही, आणि माल विकण्याजोगा पोचलाच पाहिजे. आम्ही सगळं डोळ्यात तेल घालून पाळलं. गाडी भरायचीसुद्धा शिस्तीने, पहिली पेटी वहिनींच्या हातची, मग बाकीच्यांची. वहिनींचा हात चांगला, अशी गावाची समजूत आहे.

या हंगामात सगळं सुरळीत चाललं होतं. मग एका गाडीतली थोडी फुलं झोपली, ती लिलावगृहाने कुरकुर करत घेतली. पुढच्या गाडीतली निम्म्याहून जास्त गेली. आणि आता ही.

संध्याकाळी वहिनी शेडमध्ये आल्या. त्यांनी पदराने तोंड पुसलं आणि उभ्याउभ्याच सांगितलं की वरून आदेश आला आहे. गाडीभाड्याचं अनुदान आजपासून थांबवलंय, चौकशीला एक बाई येताहेत, आणि कारण सापडलं नाही तर योजना कायमची बंद.

"कळ्या चार-सहा दिवसांत उघडतील, भाऊजी," त्या म्हणाल्या. "मग कोण थांबणार आहे?"

गाडी नाही म्हणजे दलाल, आणि दलाल म्हणजे पुढच्या वर्षी निम्म्या गावाने फुलं उपटून टाकायची आणि पोरांनी कामाला शहरात जायचं. हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. तेवढ्यात रस्त्यावर हॉर्न वाजला. रिकामी गाडी परत आली होती आणि तिच्या मागोमाग पोलिसांची जीप होती.

२

गाडीच्या ड्रायव्हरला सगळे रेडिओ म्हणतात, कारण तो बंद होत नाही. गावात कुणाची म्हैस व्याली, शहरात कुठल्या पुलाचं काम निघालं, सगळं त्याच्याकडून कळायचं. सील लावणाऱ्या साहेबांनी त्याच्यावर तक्रार ठोकली होती की यानं वाटेत थंड यंत्र बंद करून डिझेल विकलं. रेडिओ जीपमध्ये बसला तो मान खाली घालून, एक शब्द न बोलता. त्याला कधी गप्प पाहिलं नव्हतं म्हणून मला वाटलं, झालं, चोर सापडला.

दुसऱ्या दिवशी चौकशीच्या बाई आल्या. ठेंगण्या, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला, पायात पुरुषी बूट. शहरातल्या लिलावगृहात जाऊन, तिथलं सगळं पाहून मगच त्या डोंगर चढल्या होत्या. गटाची सगळी माणसं शेडमध्ये जमली होती. बाई काय विचारणार म्हणून आमची पाचावर धारण बसलेली, आणि बाईंनी पहिला प्रश्न विचारला, "तुमच्या गावात नाशपती कुणाकडे पिकते?"

सगळे हसले. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच हसले असतील. आमच्याकडे ज्याला परस आहे त्याच्याकडे नाशपतीचं झाड आहेच. मला मात्र संताप आला. आमच्या घरांवर नांगर फिरायची वेळ आली आहे आणि बाईंना फळं खायची आहेत. तरी सचिव म्हणून मी एक टोपली भरून त्यांच्या खोलीवर पाठवली, कारण सरकारी माणसाला नाही म्हणायची आपली छाती नसते.

मग त्यांनी एकेकाला बोलावलं. सीलवाल्या साहेबांनी शपथेवर सांगितलं की सील त्यांनी स्वतः ठोकलं आणि लिलावगृहात ते शाबूत होतं. म्हणजे दार मधे उघडलेलं नाही. यंत्रातली तपमानाची रेघ सरळ होती, पण ड्रायव्हर लोक यंत्राला फसवतात, असं त्यांचं म्हणणं.

"फुलांची पानं कशी होती?" बाईंनी विचारलं.

साहेबांनी ती पाहिली नव्हती. बाईंनी पाहिली होती. पानं हिरवी होती, दांडे ताठ होते. गाडी तापली असती तर आधी पानं मान टाकतात, त्या म्हणाल्या, फूल नंतर. शिवाय त्याच गाडीत कुणाची तरी शेवंती होती.

ती शेवंती आमच्या गटातल्या म्हाताऱ्या सुताराची. तो पुढे झाला आणि भीतभीत म्हणाला की त्याची शेवंती चांगल्या भावाने गेली, त्यात त्याचा काही दोष नाही.

"दोष कसला? तुमच्या शेवंतीनं तर ड्रायव्हरला वाचवलं," बाई म्हणाल्या. "उन्हानं कार्नेशन जातं तशी शेवंतीही जाते. इथे शेवंती टवटवीत आणि कार्नेशन झोपलेलं. गाडी थंडच होती. आत काहीतरी होतं, जे कार्नेशनला बाधतं आणि शेवंतीला बाधत नाही."

काय होतं, असं आम्ही सगळ्यांनी एकदम विचारलं. बाईंनी चष्मा पुसला आणि एकच शब्द सांगितला. वायू.

३

शेडमधून माणसं उठली ती तडक दलालाच्या वखारीकडे निघाली. त्यालाही कारण होतं. आमची योजना आल्यापासून दलाल आम्हाला पाण्यात पाहत होता, आणि फुलांचा धंदा बसल्यावर त्याने केळी पिकवायची खोली बांधली होती. त्या खोलीत केळी पिकवायला वायूची टाकी असते, हे सगळ्या गावाला माहीत. गावातली त्याची ही वखार आमच्या शेडच्या भिंतीला लागून. आणखी काय पुरावा हवा?

मी मधे पडलो नाही, हे कबूल करतो. माझ्याही मुठी वळल्या होत्या. बाई मागून धावत आल्या, बूट असूनही बऱ्यापैकी वेगाने, आणि दलालाच्या दारात आडव्या उभ्या राहिल्या.

त्यांनी दलालाला सगळ्यांसमोर विचारलं की टाकीत कोणता वायू आहे. तो म्हणाला, इथिलीन. त्याने कार्नेशन झोपतं का, हे त्याला ठाऊक आहे का? दलाल घामाघूम झाला होता, पण खोटं बोलला नाही. ठाऊक आहे, म्हणाला. सगळ्या फूलबाजारवाल्यांना ठाऊक असतं.

माणसं पुढे सरकली. बाईंनी हात वर केला.

त्यांचं म्हणणं असं होतं. दलालानं वायू गाडीत सोडायचा म्हटलं, तर सोडणार कधी? गाडी भरताना दारं सताड उघडी असतात, तेव्हा सोडलेला वायू वाऱ्यावर जाईल. दार लागल्यावर सील. वाटेत दार उघडलेलं नाही. म्हणजे वायू बाहेरून आलेला नाही, तो बंद गाडीत, सगळ्या प्रवासभर तयार होत राहिला. ज्यातून तो सुटत होता ती वस्तू आतच होती, आणि ती फुलांबरोबर गावातूनच भरली गेली.

"म्हणजे आमच्यातलाच कोणी?" कुणीतरी विचारलं.

माणसं एकमेकांकडे बघायला लागली. इतकी वर्षं एका शेडमध्ये पेट्या भरणारी माणसं त्या संध्याकाळी आपापल्या वाटेने, कुणाशी न बोलता घरी गेली.

४

बाईंना रेडिओला भेटायचं होतं. मी त्यांना खालच्या चौकीत घेऊन गेलो. रेडिओ बाकावर बसला होता, दाढी वाढलेली, पुढ्यातला चहा गार झालेला.

बाईंनी त्याला सांगितलं की त्याने यंत्र बंद केलं नाही हे सिद्ध झालंय. आता फक्त एवढंच सांग, गाडी रिकामी करताना फुलांशिवाय काही निघालं का?

रेडिओने माझ्याकडे पाहिलं. मग भिंतीकडे.

"यंत्र मी बंद केलं नाही," तो म्हणाला. "बाकी मला काही माहीत नाही."

बाईंनी परोपरीने विचारलं. सुटशील, म्हणाल्या. तो ढिम्म. ज्याला दोन मिनिटं तोंड मिटून बसता येत नाही, तो सुटकेसाठीसुद्धा बोलत नाही, हे मी पहिल्यांदाच बघत होतो. माणूस स्वतःसाठी इतका गप्प बसत नाही. दुसऱ्यासाठी बसतो.

परतताना बाईंनी विचारलं, हा गावात कुणाच्या उपकारात आहे का? मी म्हणालो, उपकारात नाही, ओझ्याखाली आहे. आणि मग मला ते सांगावंच लागलं, जे आमच्या घरात कुणी बोलत नाही.

योजनेचा पहिला हंगाम. गाडी भरून झाली होती, सील लागलं होतं, इंजिन सुरू होतं. आणि माझा भाऊ शेडच्या पायरीवर छाती धरून खाली बसला. गाडी मोठ्या दवाखान्यावरूनच जाणार होती. रेडिओने केबिनचं दार उघडून धरलं. भावाची मुलगी, माझी पुतणी, बापाला उचलायला लागली. तेव्हा सीलवाले साहेब म्हणाले की केबिनमध्ये ड्रायव्हरशिवाय कोणी बसलं तर अट मोडते, पहिल्याच गाडीला योजना रद्द होईल, रुग्णवाहिका निघालीच आहे. सगळ्यांनी वहिनींकडे पाहिलं. सबंध गावाचा माल त्या गाडीत होता.

वहिनी म्हणाल्या, "गाडी जाऊ दे."

रुग्णवाहिका वेळेवर आली नाही. भाऊ पायरीवरच गेला. पुतणीने बापाचे दिवस होईपर्यंत तोंडातून शब्द काढला नाही आणि मग जाताना आईला एवढंच म्हणाली की फुलांना गाडी होती, बाबांना नव्हती. ती गेली ती गेलीच. फुलांचं काम तेवढं येत होतं, त्यामुळे शहरातल्या त्याच लिलावगृहात ती आता खिडकीवर बसते. आमचा माल तिच्या समोरून जातो. आईशी ती बोलत नाही.

बाई चालता चालता थांबल्या.

"खिडकीवरची मुलगी? उंच, कपाळावर व्रण?"

मी हो म्हणालो.

५

वहिनींनी बाईंना चहाला बोलावलं होतं. त्यांचं घर लख्ख असतं, एकट्या माणसाचं असतं तसं. ओट्यावर एक कप उपडा, एक ताटली, परडीत दोन कांदे. आम्ही मागच्या अंगणात बसलो. वहिनी योजनेबद्दलच बोलत होत्या. गाडी सुरू करा, हवं तर मला अध्यक्षपदावरून काढा, पण कळ्या उघडायला आल्यात, गावाला यातून सोडवा, असं म्हणताना त्यांचा आवाज फाटला. ज्या बाईने नवऱ्याच्या वेळी डोळ्यांतून पाणी काढलं नाही, ती त्या सरकारी बाईंचे हात धरून बसली होती. मला ते पाहवेना म्हणून मी वर झाडाकडे बघत राहिलो. बाईही तिकडेच बघत होत्या.

शेजारच्यांच्या नाशपतीला फळं लगडलेली होती, खाली सडाही पडला होता. वहिनींचं झाड शेंड्यापर्यंत झाडून घेतल्यासारखं रिकामं. खाली एक फळ नाही.

"यंदा फळ लवकर उतरवलंत," बाई म्हणाल्या.

"पाखरं ठेवत नाहीत," वहिनी म्हणाल्या.

निघताना बाईंनी मला बाजूला घेऊन सहज विचारल्यासारखं विचारलं की गाडीत पहिली पेटी कोण ठेवतं? आणि मी, शहाणा सचिव, छाती फुगवून सांगितलं की पहिली पेटी नेहमी आमच्या वहिनींच्या हातची, अगदी आतल्या भिंतीला, पंख्याखाली, दुसऱ्या कुणाला त्या पेटीला हात लावू देत नाही आम्ही.

बाईंनी मान हलवली. मग मला दोन झाकणाचे पत्र्याचे डबे आणि दोन जुड्या कार्नेशन आणायला सांगितलं. आणि मी पाठवलेली टोपली अजून तशीच आहे, ती आता कामाला येईल, असं म्हणाल्या.

मी डबे शोधायला निघालो आणि अर्ध्या वाटेत माझे पाय थांबले. रिकामं झाड मला आता दिसलं. ज्या घरात एकच ताटली, त्या घरातली झाडभर फळं गेली कुठे?

६

डबे एक रात्र बंद राहिले. सकाळी शेडमध्ये सगळा गट जमला. साहेब होते, दलाल दारापाशी अंग चोरून उभा होता, आणि रेडिओलाही बाईंनी पोलिसांसोबत आणवलं होतं. वहिनी नेहमीच्या जागी, पुढे.

बाईंनी पहिला डबा उघडला. त्यात नुसती फुलं होती, कालच्यासारखीच तरतरीत. दुसऱ्यात फुलांशेजारी पिकलेल्या नाशपती ठेवल्या होत्या. झाकण निघालं, गोड वास आला, आणि पुढच्या रांगेतला सुतार "अरे देवा" म्हणाला. फुलं झोपली होती. पानं हिरवी, दांडे ताठ, आणि पाकळ्या आत वळलेल्या.

बाई बोलत होत्या, पण हळू. पिकणाऱ्या फळातून तोच वायू सुटतो, जो दलालाच्या टाकीत आहे. लिलावगृहाच्या वजनकाट्यामागे त्यांनी आमच्या गटाची एक पेटी पाहिली, त्यात नाशपती सडत पडल्या होत्या. हमाल म्हणाले की ती गाडीतून सगळ्यात शेवटी निघाली. दारातून जी पेटी शेवटी निघते, ती सगळ्यात आधी भरलेली असते. आतल्या भिंतीला, पंख्याखाली. पंख्याने तो वायू सगळ्या गाडीभर फिरवला. पहिल्या खेपेला थोडी फळं असावीत, थोडी फुलं झोपली. मग जास्त. मागच्या खेपेला पेटीभर.

पहिली पेटी कुणाची हे त्या शेडमध्ये न माहीत असलेला माणूस नव्हता, पण एकानेही मान वर केली नाही. बाई बोलायला तोंड उघडणार, तोच वहिनी उठल्या.

"तुम्ही नका नाव घेऊ. मी सांगते. मीच ठेवल्या."

त्या डब्यातल्या फुलांकडे बघत होत्या. "पण आम्ही आधीपासून पाठवतोच की. खालच्या बाजाराला उघडा ट्रक जायचा तेव्हा फुलांत फळं घालून द्यायचो, आडत्याला, पाहुण्यांना. तेव्हा कधी एक पाकळी वाकडी झाली नाही."

"उघड्या ट्रकाला वारा लागत होता," बाई म्हणाल्या. "ही गाडी सीलबंद. आतली हवा आतच राहते."

वहिनी मटकन खाली बसल्या. ज्या सीलसाठी त्यांनी नवऱ्याला पायरीवर ठेवलं होतं, त्याच सीलमागे त्यांनी स्वतः चोरून फळं ठेवली होती.

मग त्या पुटपुटल्या, "तिला आवडतात म्हणून. यंदा पहिल्यांदा रेडिओबरोबर चार पाठवल्या. हा म्हणाला, तिनं घेतल्या, हसली. म्हणून पुढच्या खेपेला जास्त."

सगळे रेडिओकडे वळले. रेडिओ रडत होता.

"घेतल्या नाहीत, काकू," तो म्हणाला. "एकदाही नाही. पेटीकडे बघितलंसुद्धा नाही तिनं. मी खोटं बोललो. तुम्ही दारात उभ्या असायच्या, काय म्हणाली विचारायच्या, मला सांगवेना."

"काहीच म्हणाली नाही ती?"

रेडिओने साहेबांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि इतके दिवस गिळून ठेवलेलं बाहेर काढलं. "म्हणाली, आईला विचार, त्या गाडीत माणूस बसवायची परवानगी मिळाली का. मिळाली की बोलू."

सीलवाले साहेब उठून शेडबाहेर गेले. वहिनींनी पदर सावरला आणि बाईंना विचारलं, "गावाचं काय?"

बाईंनी नियम सांगितला. गटाला माहीत असताना गाडीत परका माल गेला असेल तर गट बाद. एकट्या सदस्याने लपवून भरला असेल तर तो सदस्य बाद, कायमचा. त्याचं एक फूलही या गाडीतून जाणार नाही.

"मग लिहा," वहिनी म्हणाल्या. "एकटीनं. भाऊजींनाही माहीत नव्हतं."

७

रेडिओ सुटला, अनुदान सुरू झालं, आणि कळ्या उघडल्या त्याच दिवशी गाडी पुन्हा शेडला लागली. कुणी आनंदाने बोलत नव्हतं. पेट्या रचून तयार होत्या आणि पहिली पेटी कोणी उचलेना. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी उचलली, आतल्या भिंतीला ठेवली. माझा हात चांगला आहे की नाही, देव जाणे.

वहिनी रस्त्याच्या पलीकडे उभ्या होत्या. त्यांना आता शेडमध्ये यायला मनाई होती, आणि ती मनाई वाचून दाखवायचं काम सचिवाचं होतं. ते मी केलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि उलट मलाच म्हणाल्या, आवाज चढवून वाचा भाऊजी, मागच्यांना ऐकू गेलं नाही.

साहेबांनी सील ठोकलं. रेडिओ केबिनमध्ये चढला, परत उतरला, आणि रस्ता ओलांडून वहिनींसमोर जाऊन उभा राहिला.

"काकू, तिला काही निरोप?"

वहिनींनी त्याच्याकडे पाहिलं. त्यात राग नव्हता, असता तर त्याला बरं वाटलं असतं.

"नको रे," त्या म्हणाल्या. "तू निरोप नीट पोचवत नाहीस."

गाडी वळणाआड गेली. मग माझ्या लक्षात आलं की वहिनींच्या पायाशी पिशवी आहे आणि त्या बस थांबते त्या खांबापाशी उभ्या आहेत. मी जवळ गेलो. शेजाऱ्यांच्या झाडाच्या चार नाशपती बांधून देऊ का, असं विचारलं.

"काही नेत नाही," वहिनी म्हणाल्या. "तिला माणूस हवं होतं. मी फळं पाठवत बसले."

शहराची बस आली. त्या खिडकीशी बसल्या, मांडीवर पिशवी, आणि पिशवीत एक लुगडं असेल नाहीतर तेही नसेल. पुतणी दार उघडेल का, मला सांगता येत नाही. उघडणार नाही असंच वाटत होतं, आणि तसं वाटतंय याचीच भीती वाटत होती. बस दिसेनाशी झाल्यावर मी वहिनींच्या मळ्यात गेलो. त्यांची फुलं सगळी उमलली होती, ओळीच्या ओळी, टक्क जागी, आणि ती तोडून न्यायची आता कुणालाच परवानगी नव्हती.